तिसऱ्या बरणीतला गाळ

ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती पडलीच, तर अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नका, माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहिणं म्हणजे वाण्याची यादी. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला आजही अंदाजानेच कळतं. पण भाऊंबद्दल तोंडाने सांगायला गेले की माझा आवाज बसतो, म्हणून लिहिते.

भाऊ कुठलीही पातळ वस्तू तोंडाला लावायच्या आधी उजेडाला धरायचे. पाणी असो, ताक असो, कढी असो. ग्लास वर उचलायचा, एक डोळा मिटायचा आणि बघत राहायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला वाटलं, माझ्या ताकात केस निघाला. मी ओट्याशी उभी, घाम फुटलेला.

"घाबरू नका मावशी," ते म्हणाले. "मी सगळ्यांचंच बघतो. धंद्याची सवय आहे."

"काय दिसतं?" मी कसंबसं विचारलं.

"ताकात? ताकच दिसून राहिलं." आणि एका दमात पिऊन टाकलं.

माझा मुलगा अमेरिकेत, बेलव्ह्यूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे, नातवापाशी येऊन मला सहा वर्षं झाली. मला इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, चार माणसांत बसलं की मान आपोआप खाली जाते. स्वयंपाक तेवढा येतो. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये भाऊ एकटे राहायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाऊन स्वयंपाक आणि साफसफाई करायची, बाकीचे दिवस सकाळी डबा पोचवायची. मुलाला आवडत नव्हतं. "आई, लोक काय म्हणतील," म्हणायचा. मी म्हटलं, लोक कुठे दिसतात इथे? सगळे गाडीत असतात.

भाऊ नागपूरकडचे. उंच, वाळके, पन्नाशीला आलेले. बायको आणि मुलगी नागपूरला. मुलगी बारावीला होती. रोज सकाळी चहा घेताना फोन लावायचे, तेव्हा तिथे रात्रीचं जेवण चाललेलं असायचं. फोनवरसुद्धा मुलीला सांगायचे, "वरणाची वाटी जरा कॅमेऱ्यासमोर धर, बघू दे." ती ओरडायची, "बाबा, प्लीज यार!"

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "घाई नाही." लिफ्टचं दार बंद होत असलं तरी घाई नाही. पोळी करपत असली तरी घाई नाही. एकदा स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा वाजायला लागला, मी पदराने वारा घालत नाचतेय, आणि हे खुर्चीवर चढून शांतपणे त्याची बॅटरी काढतायत. "घाई नाही मावशी. भोंगा आहे तो, वाजणारच." माझ्या ताकाच्या भांड्यावर त्यांनी पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. किती वेळात पाणी वर येतं आणि ताक खाली बसतं, ते लिहून ठेवायचे. असा माणूस तुम्ही पाहिला आहे का, मला माहीत नाही. मी तरी पाहिला नव्हता.

एक दिवस धीर करून मी विचारलं, "भाऊ, तुम्ही नेमकं काय काम करता?"

मी सोलकढीसाठी नारळ पिळत होते. त्यांनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "हेच करतो. तिकडे कॅनडात जमिनीत वाळू आहे, डांबर माखलेली. ती खणायची, गरम पाण्याने धुवायची. डांबर वर येतं, ते काढून घ्यायचं. त्याचं पुढे पेट्रोल होतं. आणि हा जो चोथा उरतो ना, त्याला टेलिंग्ज म्हणतात. मी चोथ्याचा इंजिनियर."

"चोथा टाकून द्यायचा," मी म्हटलं.

"कुठे टाकता? वाळू बसते लगेच. पण त्यात माती असते, मैद्याहून बारीक. ती पाण्यात तरंगतच राहते. ना धड पाणी, ना धड चिखल. त्याची तळी करून ठेवलीत. एवढी मोठी, की या काठावरून तो काठ दिसत नाही."

"मग कधी बसणार ती माती?"

भाऊंनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "मी मरेन, तुम्ही मराल, माझ्या पोरीची पोरं म्हातारी होतील. तरी बसली नसेल."

माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. "आणि हे ठाऊक असून रोज नवीन चोथा ओततात?"

"रोज."

त्या दिवशी घरी येऊन मी मुलाच्या गाडीकडे बराच वेळ बघत उभी होते.

त्याहून वाईट त्यांनी पक्ष्यांचं सांगितलं. वरून ते तळं साधं पाणी दिसतं. लांबून उडत आलेली बदकं दमून उतरतात. पंखांना डांबर लागलं की पुन्हा उठता येत नाही. म्हणून तिथे दिवसभर बंदुकीसारखे बार काढतात, पक्षी बिचकून पुढे जावेत म्हणून. कामगारांचे नारंगी कपडे घालून बुजगावणी उभी केलेली असतात. "एक तर हुबेहूब आमच्या मॅनेजरसारखं आहे," भाऊ म्हणाले. "काम पण तेवढंच करतं." ते हसले. मला हसू आलं नाही. ती बदकं माझ्या मनातून जाईनात. भाजी चिरताना आठवायची.

भाऊंची लॅब बेलव्ह्यूपासून अर्ध्या तासावर होती. त्या तळ्यांमधला गाळ ड्रम भरून तिथे यायचा. त्यात वेगवेगळी औषधं घालून बघायची, कुठल्या औषधाने तो बसतो, घट्ट होतो. एवढा घट्ट, की त्यावर माणूस उभा राहील, गवत उगवेल. सात वर्षं ते हेच करत होते. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याहून जास्त. शेवटच्या वर्षी त्यांनी मला सरळच सांगितलं, "मावशी, मार्चपर्यंत काही रिझल्ट दाखवला नाही तर प्रोजेक्ट कॅन्सल. प्रोजेक्ट गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा. मग मी आणि माझ्या बॅगा."

"मग आता तरी घाई करा," मी म्हटलं.

"गाळाला घाई नसते ना."

त्यांच्या हॉलच्या खिडकीत तीन काचेच्या बरण्या होत्या. लोणच्याच्या असतात तशा. तिन्हींत पाण्यात कालवलेला तो गाळ, राखाडी. लॅबमध्ये दिवसभर यंत्रं हलतात, म्हणून शांत जागी ठेवलेल्या या त्यांच्या घरच्या बरण्या. असं घरी आणायची परवानगी नव्हती, हे मला नंतर कळलं. पहिल्या दोन बरण्यांवर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, औषधांची नावं लिहिलेल्या. त्यांच्यात वर बोटभर पाणी सुटलेलं दिसायचं. तिसरीवर चिठ्ठी नव्हती. ती वरपासून खालपर्यंत सारखीच गढूळ. "बरण्यांना हात लावायचा नाही मावशी," पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं. "पुसायच्या पण नाहीत." दोन वर्षं मी त्यांच्या बाजूची धूळसुद्धा फुंकली नव्हती.

जानेवारीत भाऊ आठ दिवस कॅनडाला गेले, त्या तळ्यांवर. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. निघताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. घाई नाही म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी कुंडीला पाणी घातलं आणि खिडकीपाशी उभी राहिले. तिसरी बरणी समोर. मला वाटलं, दोघींना औषध मिळालं, हिचं राहून गेलं. घाईगडबडीत माणूस विसरतो. आमचं गाव नदीकाठचं. पाऊस झाला की पाणी लाल यायचं, तेव्हा प्रत्येक घरी हंड्यात तुरटी फिरवायची. सात वेळा उजवीकडे, सात वेळा डावीकडे, माझ्या आईची पद्धत. सकाळी हंड्याचा तळ दिसायचा. माझ्या पिशवीत तुरटीचा खडा कायम असतो, विळीने बोट कापलं तर लावायला.

काय झालं माझ्या हाताला, मला आजही सांगता येत नाही. मी झाकण उघडलं. डांबराचा वास आला. खडा चमच्याला बांधला आणि फिरवला. सात उजवीकडे, सात डावीकडे. झाकण लावलं. बदकांसाठी काहीतरी केलं असं वाटून हात जोडले.

दोन दिवसांनी गेले तर बरणीत वर चार बोटं स्वच्छ पाणी. खिडकीबाहेरचं झाड त्यातून आरपार दिसत होतं. मी एकटीच हसले. भाऊ आल्यावर सांगायचं ठरवलं. चेष्टा करतील, म्हणतील मावशी तुम्हीच इंजिनियर.

मंगळवारी मी कणीक मळत होते तेव्हा ते आले. बूट काढले, बॅग ठेवली, खिडकीकडे गेले.  मी वळून बघितलं तर ते बरणीपुढे गुडघ्यावर बसलेले. मग त्यांनी ती उचलून उजेडाला धरली. 

"मावशी! या, या इकडे! ही कोरी आहे!"

"कोरी?"

"हिला काहीच दिलेलं नाही मी! मुद्दाम नाही दिलं. बाकीच्या दोघी हिच्याशी ताडून बघायच्या, म्हणून ही कोरी ठेवलेली. आणि हीच बसली! आपल्या आपण बसली!" ते खिडकीखालच्या हीटरला हात लावून बघत होते. "ऊब! दोन वर्षं खालून मंद ऊब लागून राहिली. काहून सुचलं नाही मला? ऊब आणि शांतपणा!"

माझे हात कणकेने भरलेले.  मी तोंड उघडलं. त्यातून निघालं, "छान झालं भाऊ."

ते तीन शब्द मी परत घेऊ शकले असते तर.

त्यांनी नागपूरला फोन लावला. बायकोला म्हणाले, "वाटून राहिलं, तुम्ही दोघी उन्हाळ्यात इकडे." पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं. मी पोळ्या लाटत होते. एकही गोल झाली नाही.

शुक्रवारी त्यांची बॉस बाई घरी आली, बरणी बघायला. उंच, पांढऱ्या केसांची. दारात बूट काढून आत आली, पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. बरणीचे फोटो काढले. तिचं बोलणं मला कळलं नाही, पण तिने भाऊंचा हात दोन्ही हातांत धरला ते कळलं. ती गेल्यावर भाऊ म्हणाले, "पुढच्या आठवड्यात क्लायंटला, म्हणजे तळ्यांच्या कंपनीला दाखवणार. मी म्हटलं, आणखी एकदा करून बघू आधी. ती म्हणाली, टाइम नाही." मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. टाइम कुठे आहे?"

मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी पोह्यांच्या बश्या धुतल्या.

घरी मुलाला सांगावं, तर तो म्हणणार, मी आधीच म्हटलं होतं. भाऊंना तोंडावर सांगावं, तर जीभ उचलत नाही. चार दिवस मी जेवले नाही, मुलाला सांगितलं उपास आहे. शेवटी नातवाच्या वहीचं पान फाडून लिहिलं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चौथ्या वेळी एवढंच: "भाऊ, तीसऱ्या बरणीत मी तुरटी फीरवली. तुम्ही कॅनडाला होता तेव्हा. ती आपोआप बसली नाही." गुरुवारच्या डब्यात सगळ्यात वरच्या खणात ठेवलं. त्यांची मीटिंग शुक्रवारी, असं त्यांनी सांगितलं होतं.

मीटिंग गुरुवारी सकाळी दहालाच झाली होती. क्लायंटला घाई होती.

दुपारी एक वाजता आमची बेल वाजली. भाऊ दारात, हातात डबा. वरचं झाकण तेवढं उघडलेलं. त्यांचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. घरात आग लागून गेल्यावर माणूस भिंतींकडे बघतो, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सुपारीएवढा खडा. चौदा वेळा फिरवला."

"दोन वर्षं, मावशी." आवाज मोठा नव्हता. "दोन वर्षं मी त्या बरणीवर श्वास पडू दिला नाही. घरात पंखा लावला नाही. पोरगी म्हणे बाबा तुम्ही वेडे झाले." मग आवाज मोठा झाला. "हात लावू नका सांगितलं होतं ना मी! एवढं एकच सांगितलं होतं!"

मी खाली बसले. ते उभेच. थोड्या वेळाने तेही समोरच्या चपलांच्या स्टँडवर बसले.

"तुरटी आम्ही पहिल्याच वर्षी घालून बघितली होती," ते म्हणाले. "वरचं पाणी निवळते. खालचा गाळ तसाच राहते, ताकासारखा. त्यावर चिमणीसुद्धा उभी राहणार नाही. हे लॅबमधल्या कालच्या पोरालाही माहीत आहे."

"मग तुम्हाला ओळखू कसं आलं नाही भाऊ?"

बाहेर कोणीतरी गाडी धुवत होतं. पाण्याचा आवाज येत होता. भाऊंनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तुरटीने पाणी आंबट होते. कागदाची पट्टी बुडवली असती तरी दोन मिनिटांत कळलं असतं. पट्ट्या माझ्या ड्रॉवरमध्येच आहेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी बुडवली नाही. मला कळायला नको होतं, मावशी."

मला वाटलं होतं, माझ्यामुळे एक माणूस फसला.  ग्लासभर ताकसुद्धा उजेडाला धरल्याशिवाय न पिणारा माणूस हा.

मी म्हटलं, "आता गप्प राहिलात तर? बरणी घरातली. कोणाला कळणार?"

"क्लायंट तळं गरम करायला निघेल. पाइप टाकेल, पैसा ओतेल. आणखी दोन वर्षं गाळ तिथेच." ते उठले. "आणि तुमची ती बदकं."

ते तसेच लॅबला परत गेले आणि सांगून आले. माझं नाव घेतलं नाही. तुरटी आपल्याच हातून पडली, म्हणाले. मी नंतर विचारलं, असं का सांगितलं. तर म्हणाले, "तुमचं नाव घेतलं असतं, तर घरी कोण येतं, किल्ली कोणाकडे, तुमच्या मुलाची कंपनी कोणती, इथपर्यंत गेले असते. माझं जायचंच होतं. तुमचं कशाला?"

सोमवारी नोकरी गेली. गाळ घरी नेला, हे कंपनीने मुख्य कारण लिहिलं. बॉस बाईने फोनसुद्धा केला नाही. साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. अशी शिक्षा कागदावर असते हे मला माहीत नव्हतं. रोज सकाळी ते लॅपटॉप उघडून बसायचे. चोथ्याच्या इंजिनियरला बेलव्ह्यूमध्ये काम कोण देणार? तिथे सगळे माझ्या मुलासारखे. साठ दिवसांत त्यांनी एकदाही ग्लास उजेडाला धरला नाही. मी वाढेन ते खायचे. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

तिन्ही बरण्या त्यांनी स्वतः लॅबच्या ड्रममध्ये नेऊन रिकाम्या केल्या. बेसिनमध्ये ओतायच्या नसतात, मला समजावून सांगितलं. जसं काही मी पुन्हा कधी अशा बरणीला हात लावणार होते.

ते गेले त्या सकाळी मी पुऱ्या करून दिल्या. दोन बॅगा आणि पाठीवर एक पिशवी. टॅक्सी आली तेव्हा मी वाकून नमस्कार करायला गेले. ते मागे सरले. "अहो मावशी, तुम्ही मोठ्या." मग माझाच हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.  टॅक्सी वळून गेली तरी माझा हात वरच होता.

घर रिकामं करून द्यायला दोन दिवस होते. किल्ली माझ्याकडे. घरमालकाच्या ऑफिसातल्या बाईने भाऊंना आधीच सांगून ठेवलं होतं, खिडकीच्या पांढऱ्या लाकडावर बरण्यांच्या बुडाची काळी वर्तुळं आहेत, गालिच्यावर डाग आहे, डिपॉझिटमधून कापून घेऊ. भाऊंनी मला म्हटलं होतं, जाऊ द्या, राहू द्या.

मी राहू दिलं नाही. डांबर साबणाने निघत नाही. गोडेतेलाने निघतं. गावाकडे रस्ता झाला तेव्हा पोरांचे पाय आम्ही असेच पुसायचो. मी चिंधी तेलात भिजवून वर्तुळांवर ठेवली, वितळू दिली, मग हलक्या हाताने पुसली. मग बेसन, मग गरम पाणी. एकेक वर्तुळाला दीड-दोन तास गेले. गालिच्यावर मी दोन दिवस गुडघ्यांवर होते. मुलगा संध्याकाळी शोधत आला. मला तसं बघून दारातच थांबला. "आई, हे काय?" म्हणाला. मग त्याने बाही वर केली आणि दुसरी चिंधी घेतली. 

ऑफिसातली बाई बघायला आली. खिडकीपाशी वाकून तिने लाकडावरून बोट फिरवलं. बोट बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तीन आठवड्यांनी भाऊंचा फोन आला, नागपूरहून. मी दचकलेच. ते मला कधी फोन करत नसत.

"मावशी, डिपॉझिट आलं अकाउंटमध्ये."

"किती कापले?"

पलीकडे ताटल्यांचा आवाज येत होता. मुलगी काहीतरी विचारत होती.

"काहीच नाही," भाऊ म्हणाले. "पूर्ण दिलं. एक डॉलर कापला नाही."